धोंडीबा शिरसाट यांचा फ्लॅट नंबर

खुनाच्या जागा दाखवत लोकांना पायी फिरवायचं म्हटलं तर पिंपरीत किती जणांच्या परवानग्या लागतात, याची मैत्रीला आधी कल्पना असती तर तिने प्रोजेक्टला मुकाट्याने 'आमची पवना नदी : काल आणि आज' घेतलं असतं. नदीचं बरं असतं. तिच्यात काहीही सोडा, ती तक्रार करत नाही, आणि तिचे नातेवाईक निवडणुकीला उभे राहत नाहीत.

पण मुकाट्याने काही करण्याचे मैत्रीचे दिवस संपले होते. दिवाळीच्या आधी शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून नववीतली ही पोरगी दुकानात अर्धा लिटर दूधसुद्धा आवाजात चढउतार करून मागायची. त्याआधी ती वर्गात हजेरीला 'येस मॅडम' म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. आता मुख्याध्यापकांच्या ऑफिसात ऐकू जायचं. माणसाला स्वतःचा आवाज उशिरा सापडला की तो थोडे दिवस घरच्यांना असाच त्रास देतो.

मिनल मॅडमनी प्रोजेक्ट दिला होता 'माझ्या परिसराचा इतिहास'. अर्ध्या वर्गाने चिंचवडचे चापेकर बंधू घेतले, उरलेल्या अर्ध्याने मोरया गोसावींचं मंदिर घेतलं, आणि परिसराचा इतिहास पहिल्याच तासाला संपला. मैत्रीने वर हात करून सांगितलं, मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचे मिस्टर घेते.

खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणजे तानुबाई शिरसाट. त्यांचे मिस्टर धोंडीबा शिरसाट हे पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत कामगारांचे पुढारी होते. ठेकेदाराच्या माणसांना कंपनीने कायम करावं, एवढीच त्यांची मागणी होती. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी, पहिल्या पाळीचा भोंगा वाजत असताना, कंपनीच्या गेटवर तिघांनी त्यांना लोखंडी गजांनी मारलं. भोंगा चालू होता म्हणून ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही, असं पुढे कोर्टात साक्षीदारांनी सांगितलं. बघितलं का, तर भोंग्यामुळे बघितलंही नाही. ठेकेदार दौलतराव आणि ते तिघे निर्दोष सुटले.

तानुबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या. त्या येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या जागी त्या नंतर कधीच गेल्या नाहीत. मैत्रीने विचारलं, आजी, मी मुलींना सगळ्या जागा दाखवत फिरवणार आहे, तुम्ही येणार ना? आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, त्यामुळे खडे राहायचे आणि तांदूळ जायचे.

"तिथं उभं राहून मोठ्यानं म्हणशील का, याला मारलं म्हणून?" त्या म्हणाल्या. "मेला न्हाई. मारलं. तसं म्हणणार असशील तर येते."

मैत्रीने शब्द दिला. आवाजात चढउतार करून दिला.

योजना अगदी आटोपशीर होती. वर्गातल्या दहा मुली, तीन थांबे, रविवारची सकाळ, आणि शेवटी सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. पण त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सुमनताई जिना उतरताना थांबल्या. सुमनताई बचत गट चालवतात, त्यामुळे इमारतीत काहीही सुरू झालं की ते कसं बंद पडेल हे त्यांना आधी कळतं. शेवटी नाश्ता ठेवल्याशिवाय कुत्रंही येणार नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. दुसरं म्हणजे, मुलींना एकदम खून दाखवू नये, आधी काहीतरी हलकंफुलकं दाखवावं, म्हणजे पोट तयार होतं. त्यांच्या भाचीला सहलीत एक किल्ला दाखवला आणि कडेलोटाची जागा नाश्त्याआधी दाखवली, तर ती अजून पोहे खात नाही.

मिनल मॅडमना कल्पना मनापासून आवडली. त्या कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त बदल सुचवतात. 'खून' हा शब्द शाळेच्या लेटरहेडवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, कारण लेटरहेडवर वरच सरस्वतीचं चित्र आहे. त्यांनी स्वतः बसून नाव दिलं, 'श्रमिक स्मृती पदयात्रा'. मैत्रीला ते भारी वाटलं. ऐकायला एकदम मोठं, आणि शिवाय आत काय आहे ते वरून दिसत नव्हतं. हा त्या नावाचा गुण नसून हेतू होता, हे कळायला तिला अजून दोन आठवडे लागणार होते.

पदयात्रा म्हटलं म्हणून पोलीस चौकीत अर्ज द्यावा लागला. चौकीतल्या हवालदारांनी अर्ज वाचला आणि कुठल्या पक्षाची पदयात्रा, असं विचारलं. कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जास्त गंभीर झाला. पक्ष असला की कुणाला फोन करायचा ते माहीत असतं. मैत्रीने सगळं समजावून सांगितलं. खून म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले, चाळीस वर्षांपूर्वीचा म्हटल्यावर परत टेकले. तेव्हा ही चौकीच नव्हती, त्यामुळे तो खून आपल्या हद्दीत येत नाही, हे त्यांनी तिला फार मायेने पटवून दिलं. वर सल्लाही दिला. पदयात्रेला परवानगी लागते, मॉर्निंग वॉकला लागत नाही. "तू मॉर्निंग वॉक लिही बाळा. चालायचं तेवढंच आहे ना?"

अशा रीतीने धोंडीबा शिरसाट यांच्या खुनाचा मॉर्निंग वॉक झाला.

मग मैत्री आणि तिची मैत्रीण रुपाली जागा बघायला निघाल्या. पहिली जागा पिंपरी कॅम्पातल्या गल्लीत, धोंडीबांच्या युनियनचं ऑफिस. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मालकांनी हसून परवानगी दिली, फक्त भाषणात दुकानाचं नाव दोनदा घ्या म्हणाले. दुसरी जागा चहाची टपरी, जिथे धोंडीबांनी शेवटचा चहा घेतला. तिथे मेट्रोचा खांब उभा आहे. रुपालीचं म्हणणं होतं की खांबाकडे बोट दाखवून शेवटच्या चहाबद्दल बोलताना आपल्यालाच हसू येईल. मैत्रीने खांबासमोर उभं राहून करून बघितलं. हसू आलं. मग दोघींनाही लाज वाटली.

तिसरी जागा कंपनीचं गेट. कंपनी बंद होऊन तिथे आता बावीस मजल्यांचे टॉवर आहेत, हिरवळ आहे, कारंजं आहे, आणि हिरवळीच्या मधोमध कंपनीचा जुना भोंगा आहे. बिल्डरने तो हेरिटेज म्हणून ठेवलाय, रात्री त्याच्यावर निळे दिवे सोडतात. गेट बरोबर त्या भोंग्याखाली होतं. पण तिथवर जायला आधी आजच्या गेटवरून आत जावं लागतं, आणि तिथे हातात मोबाइल घेतलेला सिक्युरिटीवाला बसलेला असतो.

"कुणाकडं जायचंय?"

"धोंडीबा शिरसाट," मैत्री म्हणाली. मोठ्याने म्हणायचा सराव चालू होता.

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाहीये. त्यांचा इथे खून झालाय."

त्याने मोबाइलवर बोट फिरवलं. "कोणत्या विंगला?"

"तेव्हा विंग नव्हत्या."

माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच प्रयत्न केला. ॲपमध्ये पाहुणा, डिलिव्हरी, कामवाली, कॅब आणि इतर एवढेच प्रकार होते, आणि 'इतर' दाबलं तरी खाली फ्लॅट नंबर मागत होतं. चाळीस वर्षांपूर्वी मेलेला माणूस आज कुणाकडे आला असं दाखवायचं, हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. शेवटी त्याने हात टेकले आणि ऑफिसचा रस्ता दाखवला. ऑफिस रणजीतदादांचं होतं.

आता रणजीतदादा म्हणजे कोण, हे पिंपरीत सांगावं लागत नाही, प्रत्येक चौकातला फ्लेक्स सांगतो. टॉवर त्यांचे. चाकणच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना ठेक्याने माणसं पुरवणारी एजन्सी त्यांची. महापालिकेचं तिकीट अजून त्यांचं नव्हतं, पण त्या दिशेने प्रयत्न चालू होते. आणि ज्यांच्या नावाने ते सगळं करतात ते आदरणीय अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, म्हणजे तेच ठेकेदार दौलतराव.

हे मैत्रीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. आणखी एक गोष्ट माहीत होती. तिचे पप्पा, नागसेन, निघोज्याच्या कंपनीत चौदा वर्षं एकाच मशीनवर उभे होते, पण कागदावर दर अकरा महिन्यांनी ते नवीन माणूस व्हायचे, आणि तो कागद रणजीतदादांच्या एजन्सीचा असायचा. त्यामुळे ऑफिसच्या काचेच्या दारापाशी पोचल्यावर वक्तृत्वातलं दुसरं बक्षीस थोडं आत ओढलं गेलं.

रणजीतदादा मात्र उठून उभे राहिले. नववीतल्या पोरींसाठी खुर्चीतून उठणारा माणूस मैत्रीने पहिल्यांदा पाहिला, आणि तिला भीती वाटली. त्यांनी लस्सी मागवली. सगळं ऐकून घेतलं. धोंडीबांचं नाव आल्यावर त्यांची पापणीही लवली नाही. जुन्या काळच्या गोष्टी, म्हणाले, गैरसमज होते, कोर्टाने सगळं दूध का दूध केलं, आणि आपण तर सगळ्यांना सोबत घेऊनच चालतो. मग त्यांना त्या 'चालतो' वरूनच पुढचं सुचलं असावं. दहा मुलींचा वॉक कशाला? मोठं करू. टी-शर्ट आपले, केळी आपली, डीजे आपला. समारोप इथेच, हिरवळीवर, अप्पांच्या हस्ते. "निवेदन तूच कर. पोरगी बोलते चांगली," ते रुपालीकडे बघून मैत्रीबद्दल म्हणाले.

नाही म्हणायला तोंड उघडावं तर तोंडात लस्सी होती. बाहेर आल्यावर रुपाली म्हणाली, निदान आत सोडणार तर आहेत. तेही खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. 'भव्य महाआरोग्य वॉकेथॉन'. वरती अर्ध्या फ्लेक्सभर अप्पा हात जोडून. त्यांच्या खाली रणजीतदादा फोनवर बोलताना. मग गॉगल घातलेले बारा युवा मित्र. उजव्या कोपऱ्यात मैत्रीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. आणि सगळ्यात खाली, केळी पुरवणाऱ्या वखारीच्या नावाच्याही खाली, बारीक अक्षरात 'कै. डी. शिरसाट यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ'. सुमनताईंनी फ्लेक्सचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, अभिनंदन बेटा, पोह्यांपेक्षा केळी केव्हाही बरी.

शुक्रवारी पप्पा कामावरून आले आणि बूट काढायला खाली बसले ते बसूनच राहिले. सुपरवायझरने विचारलं होतं, तुमची मुलगी रविवारी बोलणार म्हणे. एवढंच विचारलं होतं. एजन्सीच्या सगळ्या माणसांना रविवारी टी-शर्ट घालून हजर राहायचं होतं, बस कुरुळीहून आणि निघोज्याहून सुटणार होत्या.

"मैत्री, वॉक कर," पप्पा बुटाच्या नाडीशी बोलल्यासारखं म्हणाले. "केळी खा. बोल पण. फक्त तिथं 'निधन' म्हण."

"आजींना शब्द दिलाय मी."

"मला माहितीय काय दिलंयस. मी सांगतो ते पण ऐकून ठेव." मग थोड्या वेळाने, "मार्चमध्ये कागद संपतोय माझा."

आई स्वयंपाकघरात होती. तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली. मैत्रीने शनिवारी भाषणाच्या दोन प्रती काढल्या. एकात निधन होतं, एकात मारलं. दोन्ही पाठ केल्या. दोन्ही म्हणताना आवाज सारखाच लागत होता, याचं तिला फार वाईट वाटलं.

रविवारी तानुबाई इस्त्री केलेलं पांढरं पातळ नेसून सगळ्यांच्या आधी खाली उभ्या होत्या. टी-शर्टशिवाय कुणाला रांगेत घेत नव्हते, म्हणून कार्यकर्त्यांनी त्यांना पातळावरून नारिंगी टी-शर्ट चढवला. पाठीवर 'फिट पिंपरी, हिट पिंपरी' असं छापलेलं. आजींनी विचारलं काय लिहिलंय. मैत्रीने सांगितलं, आरोग्याचं आहे.

आधी झुंबा झाला. मग सहाशे माणसं निघाली. कव्हरांच्या दुकानापाशी मैत्रीने युनियनच्या ऑफिसबद्दल सांगायला सुरुवात केली, तोवर लोक कव्हर बघायला आत शिरले होते. मालकांनी बोटांनी दोनाची खूण करून आठवण करून दिली, तेव्हा तिने दुकानाचं नाव दोनदा घेतलं. मेट्रोच्या खांबापाशी डीजेने गाणं लावलं आणि शेवटचा चहा त्यातच गेला. तानुबाई मैत्रीचा दंड धरून चालत होत्या. प्रत्येक थांब्यावर विचारायच्या, "इथं का?" मैत्री म्हणायची, अजून नाही आजी.

टॉवरच्या गेटवर त्या दिवशी ॲप वगैरे काही नव्हतं. कमान होती, फुगे होते. सिक्युरिटीवाल्याने मैत्रीला ओळखून सलाम ठोकला.

हिरवळीवर भोंग्याला लागूनच स्टेज होतं. अप्पा सोफ्यावर बसले होते, गुडघ्यांवर शाल, कानात मशीन. मैत्रीने आजींना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं आणि कानाशी जाऊन सांगितलं, इथे. आजींनी पायातल्या चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले.

सूत्रसंचालकाने तिचं नाव पुकारलं. मैत्रीने माईक घेतला. समोर नारिंगी माणसंच माणसं. मागच्या बाजूला निघोज्याच्या बसमधून उतरलेली एजन्सीची माणसं उभी होती, आणि त्यांच्यात पप्पा. ते तिच्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आसपासच्या सगळ्याच माणसांची मान तशी खाली होती, जशी हजेरीच्या रांगेत असते. मैत्रीच्या मनात आलं, ज्यांना कायम करा म्हणून तो माणूस इथे मेला, ती हीच माणसं आहेत. टी-शर्ट घालून आली आहेत. मग लगेच तिच्या लक्षात आलं की आपण मनातसुद्धा 'मेला' म्हटलं.

"याच जागेवर," ती म्हणाली, आणि स्पर्धेतला आवाज काही लागेना, घशातून भलताच एक साधा आवाज आला, "धोंडीबा शिरसाट यांना गजांनी मारलं. ते मेले नाहीत. त्यांना मारलं. ठेकेदाराच्या माणसांना कायम करा म्हणत होते म्हणून मारलं. ज्यांच्यावर खटला झाला ते सगळे सुटले. त्यांची बायको इथे बसलीय."

एवढंच बोलता आलं. तिला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. निदान माईक तरी बंद करतील. सूत्रसंचालकाने माईक घेतला आणि म्हणाला, "वा. मैत्रीताईंसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून ते सगळ्यालाच वाजवत होते. झुंब्याला वाजवल्या, केळ्यांच्या टेम्पोला वाजवल्या. रणजीतदादांनी वाजवल्या. सोफ्यावर अप्पांनीही वाजवल्या, हात शालीवरच ठेवून, सावकाश. ते शेजाऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाले, आणि शेजाऱ्याने नंतर कौतुकाने मैत्रीला येऊन सांगितलं, अप्पा म्हणतात पोरीचा आवाज खणखणीत आहे, वाढदिवसाच्या कार्यक्रमाला हिलाच बोलवा.

इतकं वाईट मैत्रीला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तोंड दाबलं असतं तरी चाललं असतं.

मग पदकं. पहिलं पदक सर्वात ज्येष्ठ सहभागीला, असं जाहीर झालं, आणि दोन कार्यकर्ते तानुबाईंना दोन्ही बाजूंनी धरून वर घेऊन आले. मैत्री धावत मागे गेली. अप्पा उठले. त्यांनी पदक आजींच्या गळ्यात घातलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कुठल्या प्रभागातल्या आजी तुम्ही?"

"शिरसाट," आजी म्हणाल्या.

"छान, छान," अप्पा म्हणाले आणि फोटोसाठी हात पुढे केला.

आजींनी तो हात धरला. फोटोवाला म्हणाला, आजी, इकडे बघून हसा. त्याने एक फोटो काढला. आजींनी हात सोडला नाही. दुसरा काढला. अप्पांनी हात मागे घ्यायला बघितला, तर आजींनी दुसराही हात वर ठेवला आणि जवळ सरकून काहीतरी बोलायला लागल्या. डीजे परत सुरू झाला होता, त्यामुळे लोकांना फक्त दोन म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून उभी दिसत होती. खालून कुणीतरी 'किती गोड' म्हणालं. टाळ्या पडल्या. रणजीतदादा हसत हसत मधे आले आणि एकेक बोट सोडवायला लागले, तेही हसतच. बराच वेळ लागला.

सोमवारी पेपरच्या आतल्या पानावर तो फोटो आला, 'वॉकेथॉनमध्ये ज्येष्ठांचा हृद्य क्षण'. धोंडीबांचं नाव बातमीत नव्हतं. मैत्रीचं होतं, चुकीच्या आडनावासह. फोटोत सगळे हसत होते. फक्त अप्पा हसत नव्हते, ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

त्याच दिवशी पप्पा सकाळी दहालाच घरी आले. कंपनीच्या गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. परत लावलं, परत लाल. गेटवरच्या माणसाने सांगितलं, एजन्सीने नाव काढलंय. मार्चपर्यंत थांबायचंही त्यांना जमलं नव्हतं. पप्पांनी डबा ओट्यावर ठेवला आणि बसले. आई पाणी घेऊन आली. मैत्रीला बोलायचं होतं, पण सगळे चढउतार संपले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पप्पा केव्हा ओरडतात त्याची वाट बघू लागली.

त्यांनी पेपर ओढला. फोटो जवळ धरून बघितला, मग लांब धरून बघितला.

"तू शेजारीच होतीस ना?" ते म्हणाले. "काय म्हणत होत्या आजी त्याला?"

"म्हणत होत्या, माझ्या नवऱ्याचं नाव घे. घेतलंस की सोडते."

पप्पांनी पेपर खाली ठेवला. "मग?"

"आधी ऐकू येत नाही असं दाखवलं. नंतर घेतलं."

"काय घेतलं?"

"पूर्ण. वडिलांचं नाव आणि आडनावासकट."

पप्पांनी डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले, आणि आईला म्हणाले, खाली आजींना हाक मार, जेवायला बसतोय म्हणावं.